बाजूला बसणारी

गेल्या वैशाखात, लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दिवेलागणीला कशेळीतल्या एका हळदीच्या मांडवातून गुलाबमावशीला उठवलं. तिने काही चोरलं नव्हतं, कोणाला शिवी दिली नव्हती. बोलावलं म्हणून ती आली होती आणि खुर्चीत बसली होती. उठवायचं कारण एकच, तिला मानसिक आजार आहे हे कोणीतरी ओळखलं. मी तिथे होते. म्हणून हे आधी लिहिते, ती कोण ते मग.

मावशी भिवंडीच्या टेमघरला भाड्याच्या खोलीत राहायची. पन्नाशीची, उंच, हातात हिरव्या बांगड्या, आणि बसली की तासन् तास हलायची नाही. भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, म्हणून आमच्या गटाची बैठक शुक्रवारी एका कारखान्यात भरते. मागांच्या मधल्या बोळात गोणपाट टाकून आम्ही बसतो. दारू सोडलेले असतात, गर्द सोडलेले असतात, मनाच्या आजारावर गोळ्या चालू असलेले असतात. ज्याने स्वतः भोगलंय त्याने नव्याने सावरणाऱ्याची सोबत करायची, एवढंच तिथलं काम. उपचार डॉक्टरांकडे. पत्रकं लिहिणं माझ्याकडे.

त्या बैठकीत मावशी सगळ्यांसमोर पदराच्या गाठीतून आपली गोळी काढून पाण्याबरोबर घ्यायची. नवीन माणूस चमकून बघायचा. ती म्हणायची, “बघ बाबा नीट. तुमी बाटली लपवली, मी गोली कशाला लपवू?”

तिशीत तिला आवाज ऐकू यायला लागले. ते दाबायला ती दारू प्यायला लागली. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, माहेरच्यांनी भगताकडे नेलं, आणि बऱ्याच वर्षांनी एका वहिनीने हट्टाने ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. दारू सुटायला त्याहून जास्त वेळ लागला. हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची. आवाज अजून येतात का, असं एकाने भीत भीत विचारलं, तर म्हणाली, “येतात ना. आता शेजाऱ्यासारखं झालंय. आयकू येतं, पन त्यांचं आयकलाच पायजे असा काय न्हाय.”

माझ्या एका पत्रकाचं शीर्षक होतं ‘व्यसनाचा राक्षस गाडा’. मोठ्या अभिमानाने मी तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, “राक्षस नको लिवू. राक्षसाला कोन घरात घेतो? पाव्हणा लिव. गोड बोलून येतो, मंग जायाचा नाव न्हाय.” मी बदललं नाही. घोषणेत पाहुणा बसत नाही, असं माझं मत होतं आणि आहे.

उपदेश ती करायची नाही. उत्तरेकडचा एक लूमवाला कामगार वैतागून म्हणाला होता, “मौसी, आप तो कुछ बोलती ही नहीं.” त्यावर तिचं उत्तर, “बोलायला डॉक्टर हाय. मी बसायला हाय.” आणि खरंच ती जाऊन बसायची. कोणाला गटारी अमावास्येची धास्ती वाटायची, कोणाला होळीची, कोणाला मयताच्या घरी जमलेल्या चुलतभावांची. मावशी त्यांच्या बाजूला जाऊन बसायची. पण सगळ्यात जास्त बोलावणी हळदीची. आमच्याकडची हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. लग्नाला एक वेळ माणूस चुकतो, हळदीला चुकत नाही. मटणाच्या टोपांचा वास अर्ध्या गावात, डीजे, आणि दारूचा असा आग्रह की नको म्हणणारा घरच्यांचा अपमान करतोय असं वाटावं. नुकती सोडलेल्या माणसासाठी याच्याइतकी अवघड जागा नाही, आणि ती जागा नेमकी त्याच्या सख्ख्या माणसांची. त्या माणसाला मावशी मांडवात शिरायच्या आधी कोकमाने भरलेला ग्लास हातात द्यायची. “रिकामा ग्लास दिसला का लोकांना पुन्य करावंसा वाटतं. भरलेला धरून बस.”

प्रकाश आमच्या गटातला. गोदामाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. दिवाळीपासून त्याने घेतली नव्हती. वैशाखात त्याच्या मुलीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं. प्रणालीने त्याला स्वच्छ सांगितलं होतं की हळदीत बाबा प्यायलेले दिसले तर कन्यादान मोठ्या काकांच्या हातून होईल. ते काका म्हणजे जनार्दनशेठ. जमीन त्यांची, मांडवाचा खर्चही त्यांचाच. प्रकाश बैठकीत हे सांगताना रडला नाही. फक्त मावशीला म्हणाला, “त्या दिशी माज्या बाजूला बसशील?”

आम्ही दोघी गेलो. मावशीने हिरवी नऊवारी नेसली होती. ती पुरुषांच्या रांगेत प्रकाशच्या शेजारी बसली, मी तिच्या पलीकडे. तासभर छान गेला. बाटली घेऊन आलेल्या एका मेव्हण्याला मावशीने त्याच्या मुलांचं, म्हशींचं, गुडघ्याचं विचारून असं काही गुंतवलं की तो बाटली तशीच घेऊन परत गेला. प्रकाश हसला. स्टेजवर प्रणालीला हळद लागत होती आणि ती मधून मधून बापाकडे बघत होती.

मग मागच्या रांगेत एका बाईने दुसरीला विचारलं, ही टेमघरची येडी ना? कुजबुज पुढे सरकत गेली. हळदीत अशी बाई, पोरीला काही झालं तर. थोड्या वेळाने जनार्दनशेठ स्वतः आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हात जोडून बोलले. “मावशे, तुमचा राग न्हाय. पन शुभ काम हाय. पाव्हणे कुजबुजतात.” बाहेर रिक्षा उभी केलीच होती.

मी बोलायला उठले. शेठना कायदा सांगायचा होता, माणुसकी सांगायची होती, माझ्याकडे सगळं तयार होतं. मावशीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, पोरीची हलद हाय, तुझा कागद नंतर. प्रकाश उभा राहिला होता. भावाकडे बघून तो परत खाली बसला. रिक्षा निघाली. मी टेमघर येईपर्यंत शिव्या देत होते. मावशी एकदाच बोलली.

“त्याच्या बाजूला आता कोन बसंल?”

जो बसायचा तोच बसला. बाटली घेऊन परत गेलेला मेव्हणा.

मी रात्री मावशीच्या खोलीवरच थांबले. सकाळी तिला प्रकाशच्या बायकोचा, सुनंदाचा, फोन आला. हा रात्री प्यायला, आता भिंतीकडे तोंड करून पडलाय, म्हणतो कन्यादान दादालाच करू दे. लग्न संध्याकाळचं होतं. मावशीने फोन ठेवला आणि चपला शोधायला लागली. मी म्हटलं, कालच्यानंतर मी त्या घराची पायरी चढणार नाही, आणि तूही चढू नयेस. ती म्हणाली, “अपमान माझा झाला. तू कशाला सांभाळत बसतेस?”

मागच्या दाराने गेलो. तिथे बायका कांदे कापत होत्या. त्यांनी बघितलं, कापणं चालू ठेवलं. खोलीत प्रकाश पडला होता. मावशी त्याच्या बाजूला जमिनीवर बसली. किती प्यायलास, कोणी पाजली, काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला की एवढे महिने फुकट गेले.

“महिने कुठं जातात? कालची सांज गेली. एकच.” मग म्हणाली, “आंघोल कर. अंगाला वास येतंय.”

दारात प्रणाली उभी होती. हातापायांना हळद, डोळे सुजलेले. बापाकडे तिने पाहिलंच नाही. तिने मावशीला विचारलं, “आज नीट राहतील का ते?”

मला वाटलं, मावशी धीर देईल. कोणीही दिला असता.

“मना ठाव न्हाय, पोरी. खोटा कशाला बोलू? मी बाजूला असले तर त्याला सोपा जाईल, एवढा ठाव हाय.”

प्रणाली गेली. काकांशी ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. त्यांच्या खोलीचं दार बराच वेळ बंद होतं, एवढंच दिसलं. संध्याकाळी मावशी मांडवात प्रकाशच्या मागे बसली आणि या वेळी जनार्दनशेठनी तिला उठवलं नाही. कन्यादानाचं पाणी सोडताना प्रकाशचे हात थरथरत होते. लोक म्हणाले, बापाचं काळीज. सकाळपासून त्याने एक थेंब घेतला नव्हता आणि अंग दारू मागत होतं, हे त्या मांडवात फार थोड्यांना माहीत होतं. मावशीने हात पुढे करून तांब्या खालून धरला नाही. ती नुसती बसली होती. पाणी त्याने स्वतः सोडलं.

गोष्ट इथे गोड करून संपवता आली असती. पण कशेळीतली कुजबुज टेमघरला पोचली. पावसाळ्यानंतर खोलीच्या मालकाने मावशीला सांगितलं, घरात लग्नाच्या पोरी आहेत, तुम्ही दुसरीकडे बघा. दुसरीकडे कोणी दिली नाही. आता ती पडघ्याच्या पुढे भावाच्या गावी राहते. शुक्रवारी दोन गाड्या बदलून यायला तिच्या गुडघ्यांना जमत नाही. निघायच्या दिवशी मी भाडेकरूंच्या हक्कांवर पत्रक काढायचं म्हणत होते. तिने बोचकं रिक्षात ठेवलं आणि प्रकाशला म्हणाली, “होली जवल आली का त्या लूमवाल्याला इचार. तो सोताहून सांगनार न्हाय.”

प्रकाशने विचारलं. होळीला तो त्या कामगाराच्या खोलीवर दिवसभर बसून होता. परत आल्यावर मी विचारलं, काय बोललात? काही नाही, म्हणाला. पत्ते खेळलो. तो लबाडी करतो.

तर आता तुम्हाला सांगते, कारण येत्या लग्नसराईत मांडव तुमच्याही दारात पडेल. तुमच्या घरात कोणीतरी नुकतीच दारू सोडलेली असेल, नाहीतर नुकताच दवाखान्यातून आलेला असेल. तो कोणाला तरी सोबत घेऊन येईल. ती बाई कुठली, तिला गोळ्या कसल्या, असं कोणी कानात सांगायला आलं तर ऐकू नका. दोघांना एका पंगतीत, शेजारी शेजारी बसवा आणि वाढा.