टाकी, पिंप आणि नानांचं नाक

ग्लास उचलायचा, तळहाताने झाकून गरगर फिरवायचा, मग हात काढून त्यात नाक खुपसायचं आणि डोळे मिटायचे. एवढं झालं की माझ्याकडे बघून म्हणायचं, "नही भाऊ, बठ्ठं चुकेल शे!" सगळंच चुकलंय. मी अजून तोंडही उघडलेलं नसायचं.

ज्याच्याशी सहमत व्हायची सोयच नाही असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमच्या नानांशी मी वर्षानुवर्षं भांडलो, आणि तेही कशावरून, तर फ्रान्समधल्या बर्गंडीच्या पांढऱ्या वाईनवरून. पिंपळनेरजवळच्या एका छोट्या वायनरीत मी वाईन बनवण्याचं काम बघतो. नाना मूळचे साक्रीकडचे, नोकरी केली जळगावात ठिबकच्या कंपनीत, आणि निवृत्तीनंतर आमचे सल्लागार झाले. मानधन घेत नसत, त्यामुळे त्यांना काढूनही टाकता येत नव्हतं.

कंपनीने त्यांना एकदा फ्रान्सला पाठवलं होतं, द्राक्षबागांना ठिबक विकायला. बर्गंडीत पोचल्यावर कळलं की तिथे वेलींना पाणी द्यायलाच मनाई. नळीचा एक तुकडा खपला नाही. परतीचं तिकीट ठरलेलं, मग उरलेले दिवस नाना तळघरांतून वाईन हुंगत फिरले. "ठिबक विकायला गेलो अन् नाक घेऊन आलो," हे वाक्य त्यांनी पिंपळनेरात भेटेल त्याला ऐकवलं. वॉचमनलासुद्धा.

आमचं भांडण समजायला सोपं आहे. बर्गंडीत पांढऱ्या वाईनचं मुख्य द्राक्ष एकच, शार्डोने, पण तऱ्हा दोन. उत्तरेला शाब्लीकडे बरेच लोक वाईन स्टीलच्या टाकीत ठेवतात. ती लिंबासारखी, तरतरीत लागते. खाली दक्षिणेला लाकडी पिंपात मुरवतात, मग तिला लोण्याचा, भाजक्या बदामाचा वास येतो. मी पिंपवाला, नाना टाकीवाले.

"लाकूडच चाटायचं तर खुर्ची चाट की," ते म्हणायचे.

माझ्याकडे एकच हुकमी पान होतं, भरीत. नानांना भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेलंच लागे. एका लग्नात ताट समोर आलं आणि घासही न घेता त्यांनी ते बाजूला सारलं. "गॅसवरनं शे." आचारी बिचारा ओशाळला. तेव्हापासून मी विचारायचो, "नाना, वांग्याला काड्यांचा धूर चालतो, मग द्राक्षाला लाकूड का नको?"

"वांग्याला मुळात चवच नसते, त्याला धूर लागतो. द्राक्षाला असते."

वांग्याला चव नसते! सगळी नोकरी जळगावात काढलेल्या माणसाने हे म्हणावं! माझ्या कपाळाची शीर उडायची.

मग ते वर्ष आलं. आमची पांढरी वाईन दुकानांतून परत येत होती. मालकांनी सरळ सांगितलं, यंदाचीही खपली नाही तर शार्डोने उपटायची आणि कांदा लावायचा. त्या वेली मी माझ्या हाताने लावलेल्या. गेल्या हंगामाची थोडी वाईन मी टाकीत आणि थोडी पिंपात ठेवून पाहिली होती. आता यंदाची सगळी कशात भरायची? मालक म्हणाले, "नानांना विचार. नाक त्यांचं." माझं नाक बहुधा चष्मा ठेवायला होतं. मी धुमसतच दोन्हींची एकेक बाटली घेऊन जळगाव गाठलं.

आधी जेवण. अक्कांनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, भरीत वाढलं. नानांनी पहिला घास घेतला आणि मान डोलावली. "बघ, काड्यांचा धूर कसा बसलाय! गॅसवर येईल का असा वास?"

मी घास घेतला. धुराचा मागमूस नव्हता. अक्कांकडे पाहिलं तर त्या उठून आत गेल्या. पाणी घ्यायच्या निमित्ताने मीही मागे गेलो.

"गॅसवरनंच शे, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "करोना झाला तेव्हापासून यांना कशाचाच वास येत नाही. परवा दूध करपलं, घरभर वास, आणि हे शेजारी पेपर वाचत बसलेले. मी काड्यांवरचं म्हणून वाढते, तेवढंच बरं वाटतं त्यांना. तुम्ही बोलू नका काही."

मला दया आली असं तुम्हाला वाटेल. नाही, आधी संताप आला. माझ्या वेलींचा निकाल अशा नाकावर? आणि तेव्हाच लक्षात आलं, अलीकडे नाना एक नवीन वाक्य बोलायला लागले होते: "आधी तू सांग." पूर्वी ते मला बोलूच देत नसत.

जेवणानंतर दोन ग्लास भरले. झाकणं, फिरवणं, नाक खुपसणं, सगळं तसंच. मग म्हणाले, "आधी तू सांग."

एका वाक्यात भांडण कायमचं संपलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण नाना डोळे मिटून थांबले होते, पंगतीत बसलेला माणूस वाढप्याची वाट बघतो तसे. मी पिंपातल्या वाईनपासून सुरुवात केली.

"लोणी."

"कसलं? ताजं की कढतानाचं?"

"कढतानाचं. वर भाजके शेंगदाणे."

"बठ्ठं चुकेल शे. नीट हुंग."

"अहो, भाजके शेंगदाणेच!" मी ओरडलो. मग टाकीतली घेतली. "लिंबू. नाही, लिंबाचं पान चुरगळल्यावर येतो तो वास. कच्चं सफरचंद. आणि खाली... दुपारी ठिबक सुरू केलं की तापलेल्या मुरमाला येतो ना, तो."

नानांनी डोळे उघडले. "आपल्या बागेतल्या मुरमाला?"

"आपल्याच."

"मग टाकीत भर. पिंपाचं सांगताना तू स्वयंपाकघरात होतास. टाकीचं सांगताना बागेत गेलास."

मी तरीही संध्याकाळपर्यंत भांडलो. हरलो. सगळी वाईन टाकीत गेली आणि पुढे ती खपलीही, मनापासून सांगतो, चांगलीच झाली होती. कांदा लागला नाही. पण ती बाटल्यांत भरायच्या आधीच, पावसाळ्यात, नाना गेले.

पहिली बाटली घेऊन मी अक्कांकडे गेलो. त्यांनी कपाटातून नानांचा ग्लास काढून समोर ठेवला.

"वास कसा शे, सांगा ना," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, भाऊ भांडायला आला की मला वास येतो."

असा राग आला त्या माणसाचा! एका शब्दाने सांगितलं असतं तर मी आणखी सावकाश सांगितलं असतं.

मी ग्लास फिरवला, नाक खुपसलं आणि डोळे मिटले. लिंबाचं पान म्हणालो, तापलेला मुरूम म्हणालो. मग मुद्दाम, धडधडीत खोटं, मोठ्याने म्हणालो, "लोणी!" आणि "बठ्ठं चुकेल शे" ऐकायला थांबलो.