वडनेरला एक दिवस उशिरा

कोल्हापूरहून वर्ध्याला जायचं म्हणजे एक दिवस आणि एक रात्र रेल्वेत काढायची. मी पिशवीत वरच्या बाजूला चार वस्तू ठेवल्या होत्या : कानटोपी, दशम्या, औषधांची डबी आणि सहा दिवसांचं वेळापत्रक लिहिलेली वही. शाळेच्या कार्यालयात मी हेडक्लार्क आहे. दरवर्षीची सुट्ट्यांची यादी मीच टाइप करते, त्यामुळे कुठला सण कुठल्या वारी येतो ते पाठ असतं. या खेपेला मी भोगी, संक्रांत आणि पुढचे दिवस रजा टाकून चालले होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, "वर्ध्याला काय बघणार?" मी म्हटलं, "सेवाग्राम." ते खरं होतं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं असं की माझी मामेबहीण कुंदाताई तिथे राहते. तिचा मुलगा प्रणय वर्धा शहरात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दोन तरुणांनी त्याच्या दुकानासमोर मोटरसायकल आडवी लावली. त्याने ती बाजूला घ्यायला सांगितली. त्यांनी त्याला चाकूने भोसकलं. एवढंच भांडण. त्याचा खटला आता उभा राहिला होता आणि संक्रांतीनंतर दोन दिवसांनी एकमेव साक्षीदाराची साक्ष होती. कुंदाताईचे यजमान पूर्वीच गेले. कोर्टात तिच्या शेजारी बसायला कुणी तरी हवं होतं.

गाडी साडेतीन तास उशिरा पोहोचली. स्टेशनबाहेर थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. कुंदाताई शाल गुंडाळून उभी होती.

"आली का वं मंगल? गाडीनं लय रडवलं."

तीस वर्षांपूर्वी ती कोल्हापूरहून लग्न होऊन इथे आली. आता तिच्या बोलण्यात कोल्हापूर औषधालाही उरलेलं नाही.

घरी भोगीची भाजी, ज्वारीची भाकर आणि गोरसपाक (गाईच्या तुपातला बिस्किटासारखा गोड पदार्थ, वर्ध्याला येऊन तो न खाता कुणी परत जात नाही) असा बेत होता. जेवण झाल्यावर मी वही काढली. साक्षीदार सुमनबाई, वय साठीच्या पुढे. थंडीच्या दिवसांत प्रणयच्या दुकानासमोर बोरांची टोपली घेऊन बसायच्या. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, पोलिसांना सांगितलंही होतं. त्यानंतर घाबरून त्या वडनेरला, हिंगणघाटच्या पुढे, मुलीकडे राहायला गेल्या. समन्स निघालं तेव्हा पोलीस म्हणाले, आम्ही गाडी पाठवतो. सुमनबाईंनी नको सांगितलं. दारात पोलिसांची गाडी उभी राहिली तर गावभर होईल. त्यांनी कुंदाताईला निरोप धाडला होता : मले करीच्या दिवशी न्यायले येजा, रातची तुमच्या घरी राहीन, सक्कायी कोर्टात जाऊ.

कर म्हणजे सणाचा दुसरा दिवस. आपल्याकडे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाला किंक्रांत म्हणतात, पण ती कॅलेंडरात वाचण्यापुरतीच. इकडे पोळ्याची कर असते, होळीची असते, संक्रांतीचीही असते. त्या दिवशी नवं काम काढत नाहीत, लांबच्या प्रवासाला निघत नाहीत. सणाचं गोडधोड संपलेलं असतं, घरोघरी मटण शिजतं. सरकारी यादीत ही सुट्टी नाही. जी सुट्टी यादीत नाही ती मी कधी मानलेली नाही. मी वहीत लिहिलं : कर, सकाळी आठ, वडनेर.

संक्रांतीचा दिवस गच्च्यांवरच्या पतंगांत आणि तिळगुळात गेला. संध्याकाळी रमेशभाऊ आले. त्यांची व्हॅन आहे. कुंदाताई कुठेही जायचं तर त्यांनाच बोलावते. मी त्यांना सकाळची वेळ सांगितली.

"उद्या? उद्या कर हाय न मॅडम. करीले गाडी तालुक्याबाहेर नाई काढत मी."

"काऊन?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं. ते हसले.

"तुमच्या कोल्हापूरले कर नाई काय?"

"आहे. पण आम्ही कामं करतो."

"मंग तुमचं कोल्हापूर लय पुढं गेलं." मग हसू आवरून म्हणाले, "सनाच्या दिवशी मानूस देवाले भिते मॅडम. करीले कोनालेच भित नाई. जिल्ह्यात दारूबंदी फक्त बोर्डावर हाय. दुपारपासून रस्त्यावर कोन कसा येईन, भरोसा नाई. परवा पहाटे पाचले म्हना, चारले म्हना, मी दारात उभा."

मी कुंदाताईकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. "मी बी नाई जात वं," ती म्हणाली. "करीले मी उंबरा नाई ओलांडत. त्या दिवशी म्याच त्याले दुकानात पाठवलं होतं. मटन व्हायले वेळ हाय, तोवर दुकान उघड, म्हनलं."

मी हिशेबी बाई. परवा पहाटे पाचला निघालं तर साडेसहाला वडनेर, दहाच्या आत कोर्ट. वेळ जुळत होती. मी वहीत वडनेर खोडून खालच्या ओळीत लिहिलं आणि त्या जागी सेवाग्राम टाकलं. सुमनबाईंच्या जावयाला फोन करून बदल कळवला. तो शेतात होता. "सांगतो," म्हणाला. माझ्या दृष्टीने काम झालं होतं.

करीच्या दिवशी रमेशभाऊंनीच मला सेवाग्रामला सोडलं. "सेवाग्राम काय, ते घरचंच," म्हणाले. जाताना रस्ता निम्मा रिकामा होता. एका चौकात पोलिसांची गाडी उभी होती, एका मांसाच्या दुकानासमोर लांब रांग होती. सकाळच्या पेपरात मांजाने गळा चिरलेल्या एका माणसाची बातमी होती. तिच्याखाली दोन गटांत हाणामारी, तिच्याखाली तिळगूळ समारंभाचा फोटो. तीनही एकाच रकान्यात.

आश्रम मला आवडला, हे लिहिताना आता हात जड होतो. मातीच्या कुडाच्या भिंती, कवेलूंची म्हणजे कौलांची छपरं, झाडून स्वच्छ केलेलं अंगण. माणसाला लागतात तेवढ्याच वस्तू, त्या त्या जागी ठेवलेल्या. माझ्यासारख्या बाईला असं घर बघून बरं वाटतं. ओसरीच्या कडेला उन्हात मी दीड तास बसले. इतकी शांतता की पिंपळाचं वाळकं पान पडलेलं ऐकू यावं. मनात आलं, या गावापासून आठ किलोमीटरवर एका मोटरसायकलसाठी माणूस मारला जातो आणि इथल्या अंगणात सडा घालायचा एक दिवस चुकत नाही. दोन्ही खरं आहे, आणि एकाचा दुसऱ्यावर काडीचा परिणाम होत नाही. तेव्हा तो मला मोठा विचार वाटला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला रमेशभाऊ खरंच दारात होते. हिंगणघाटच्या पुढे धुकं दाट झालं. दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेली कपाशी, मधूनमधून तुरीचे पट्टे, आणि काचेवर सतत पुसावं लागणारं दव. कुंदाताई मागे बसली होती. तिने मांडीवर डबा धरला होता. सुमनबाईंसाठी पोळ्या केल्या होत्या.

सुमनबाई ओसरीवर बसल्या होत्या. बारीक, काटक बाई. शेजारी कापडी पिशवी, पण ती रिकामी, घडी घालून ठेवलेली.

"चला बाई," कुंदाताई म्हणाली. "उशीर तं नाई न झाला?"

सुमनबाईंनी रिकाम्या पिशवीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मी काल सक्कायपासून पिशवी भरून बसलती."

"जावईबापूंना फोन केला होता," मी म्हटलं.

"त्यानं दिवे लागल्यावर सांगतलं. तोवर ते येऊन गेलते."

कोण, हे विचारावं लागलं नाही. सुमनबाईंची मुलगी आतून चहा घेऊन आली आणि तिने सांगितलं. दुपारी चार माणसं आली, पांढरे कपडे, एक तर चांगला वयस्कर. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. तिळगूळ दिला. चहा घेतला. अंगणात खेळणाऱ्या नातवाला जवळ घेऊन नाव विचारलं, कुठल्या शाळेत जातो ते विचारलं, शाळा किती वाजता सुटते तेही विचारलं. मग म्हणाले, मायबाई, तुमचं वय झालं, दुरून काय दिसते?

"पोलिसांत सांगूया," मी म्हटलं.

"काय सांगान? चहा पेले म्हनून?" सुमनबाई म्हणाल्या.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुम्ही करीचाच दिवस का सांगितला होता? त्या दिवशी तर कुणी बाहेर पडत नाही."

"म्हनूनच तं," त्या म्हणाल्या. "करीले सारं गाव आपापल्या घरात राह्यते, चुलीवरल्या मटनाच्या गंजाभोवती. मी कोनासंग गेली, कवा गेली, कोनी पाह्यलं नसतं. माह्या मनानं तो एकच दिवस होता." त्यांनी पिशवीची घडी आणखी बारीक केली. "तुमी कर पाळली. त्यायले कर नाई लागत."

कुंदाताई खाली ओट्यावरच बसली. तिने डबा उघडला, पुन्हा बंद केला. समन्स होतं, म्हणून सुमनबाई गाडीत येऊन बसल्या. रमेशभाऊंनी एकदा आरशातून मागे पाहिलं आणि मग रस्त्यावरची नजर काढली नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या वाट्याला एकच बाक होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला आरोपींपैकी एकाची आई बसली होती, तिनेही कुंदाताईसारखीच शाल पांघरलेली. दोघी तीन तास एकमेकींकडे न बघता बसल्या. आरोपी तरुणांपैकी एकाला सर्दी झाली होती. तो सारखा बाहीने नाक पुसत होता. मी त्याचा राग करायचा खूप प्रयत्न केला. तो आमच्या शाळेत दहावीला असता तर मी त्याला रुमाल आणायला सांगितलं असतं, एवढंच मनात येत राहिलं.

साक्ष फार वेळ चालली नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं?

"काईच नाई पाह्यलं साहेब. मी बोरं मोजून देत होती. मान खाली होती."

"पोलिसांना तुम्ही वेगळं सांगितलं होतं."

"म्हतारी बाई. काय सांगतलं, ध्यानात नाई."

वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं न्यायाधीशांना सांगितलं, आणखी दहा-बारा प्रश्न विचारले. सगळ्यांना एकच उत्तर. बाहेर आल्यावर ते कुंदाताईला म्हणाले, "बाकीचे पुरावे आहेत ताई, पण डोळ्यांनी पाहिलेलं दुसरं कुणी नाही. आता कठीण आहे." चांगला माणूस होता. हातातले कागद उगाचच सरळ करत होता.

सुमनबाई जिन्याखाली उभ्या होत्या. कुंदाताईला बघून त्या रडायला लागल्या. "मले शिव्या तं द्या बाई. दोन शिव्या तं द्या."

"शिव्या कोनाले देऊ?" कुंदाताई म्हणाली. "सक्कायपासून उपाशी हात तुमी. पोळ्या गार झाल्या. चला, आलुबोंडा खाऊ." आलुबोंडा म्हणजे आपला बटाटेवडा. रस्त्यापलीकडच्या गाडीवर तिघींनी उभ्याने तो खाल्ला. कुंदाताईने आपला अर्धा सुमनबाईंच्या कागदावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "नातवाले एकट्याले नका पाठवत जाऊ शाळेत."

परतीच्या प्रवासाला सुमनबाईंनी व्हॅन नको म्हटलं. मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. वडनेरची गाडी कुठे लागते ते चौकशीच्या खिडकीत विचारलं. खिडकीतल्या माणसाने फलाट सांगितला, वेळ सांगितली. मला सवय आहे, म्हणून पुढचंही विचारलं.

"ही बस रोज असते?"

"रोज. दिवसातून कितीक जातात मॅडम, हिंगणघाटवरून."

"काल, करीलाही होती?"

"होती न. करीले कोन बसते? खालीच गेली." खाली म्हणजे रिकामी.

निघायच्या दिवशी कुंदाताई स्टेशनवर आली. गोरसपाकचे दोन डबे हातात दिले. "पुढच्या संक्रांतीले येजो," म्हणाली. मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर उत्तर तयार होतं : गाडी मिळत नव्हती, तूच नको म्हणालीस, जावयाला फोन केला होता. तिने विचारलं नाही, त्यामुळे ती सगळी उत्तरं माझ्याकडेच राहिली.

सेवाग्रामच्या ओसरीवर मी उन्हात बसले होते, त्याच वेळी साठ-सत्तर किलोमीटरवर एक बाई दुसऱ्या ओसरीवर पिशवी भरून रस्त्याकडे बघत बसली होती. तीन वर्षं ती भीत आली होती आणि एका दिवसापुरतं तिने धाडस केलं होतं. तो दिवस मी खालच्या ओळीत ढकलला. चाकू चालवणाऱ्यांबद्दल मला काही समजत नाही, समजेल असं वाटतही नाही. त्यांना सोडवणाऱ्यांबद्दल थोडं समजलं. ते वेळेवर जातात.

शाळेत सगळ्यांनी विचारलं, वर्ध्याला काय काय बघण्यासारखं आहे? मी सांगितलं, जायचं तर थंडीत जा, सेवाग्रामला सकाळी जा, गोरसपाक आणा. इथे आणखी एक नोंद करते, कुणाच्या उपयोगी पडली तर पडो. वर्ध्याहून वडनेरला जायला स्वतःची गाडी लागत नाही. करीच्या दिवशीही बस असते, आणि बसायला हवी तितकी जागा असते.