काकांचं वाचनाचं माप

जगातल्या यच्चयावत माणसांचे काकांनी दोन गट पाडले होते: बोलल्यासारखं वाचणारी आणि दळण दळल्यासारखं वाचणारी. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. साठ सालाच्या आसपास ते जयपूरला शिक्षण खात्यात होते आणि मी त्यांच्याकडे राहून कॉलेज करत होतो. दुसरीच्या मुलाला किती अस्खलित वाचता यावं, याचं माप ठरवण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. दुसऱ्या कुणी ते फायलीत गुंडाळून ठेवलं असतं. काकांनी त्याच्याशी संसार मांडला.

वरिष्ठांना मिनिटाला अमुक शब्द असा सोपा हिशेब हवा होता. काका म्हणत, "घड्याळाला काय कळतं? पोपटही भरभर बोलतो." त्यांची रीत निराळी. मुलाकडे पाठ करून डोळे मिटून बसायचं. मूल वाचतंय की गोष्ट सांगतंय हे ओळखता आलं नाही, तर ते पास. सांगानेरच्या एका शाळेत ते असे भिंतीकडे तोंड करून बसले, तर बाईंना वाटलं साहेब रुसले. त्यांनी चहा मागवला, मग लस्सी, आणि शेवटी हात जोडून विचारलं, "साब, हमसे गलती क्या हुई?" खात्याने पुढे घड्याळच धरलं, ते वेगळं.

त्यांच्या मापाला घरात कमी पडली ती त्यांचीच लेक. बेबी जयपुरातच जन्मलेली. हिंदी धडा घडाघडा म्हणायची, पण मराठी पान समोर आलं की एकेक शब्द चाचपडत चालायची. तिच्या तोंडून मराठी ऐकायची मावशीला फार हौस. काका मात्र ओळीओळीला अडवत. "बाबा, मतलब, माझ्याने नाही होत," म्हणत पोर रडकुंडीला यायची. शेवटी तिने मराठी पुस्तकाला हात लावणंच सोडलं. मावशीचा चेहरा पाहून मला काकांचा भयंकर राग आला होता.

पुढच्याच वर्षी मावशी आजारी पडली आणि दुखणं विकोपाला गेलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका दुपारी ती म्हणाली, "अहो, बेबीला काहीतरी मराठी वाचायला सांगा ना. आणि तुम्ही मध्ये बोलू नका."

बेबीने भीतभीत वडलांकडे पाहिलं. "वाच बेटा, जमेल तसं," काका म्हणाले आणि मावशीचा हात धरून उशाशी बसले.

मुलांच्या मासिकातली, हरवलेल्या म्हशीची गोष्ट होती. बेबी अडखळायची, मागे जायची, पुन्हा लावायची. मावशी डोळे मिटून ऐकत होती. मध्ये एकदा हसलीसुद्धा. अर्ध्यावर केव्हातरी काका तिचा श्वास ऐकायला तोंडाशी वाकले आणि तसेच राहिले. मला कळलं. मी उठू लागलो, तर त्यांनी नजरेनेच मला खाली बसवलं. पुस्तकात डोकं घातलेल्या बेबीला काही दिसत नव्हतं, आणि म्हैस अजून सापडायची होती. काकांनी तिला सावकाश शेवटपर्यंत वाचू दिलं.

बेबीने मासिक मिटलं. "आईला आवडली?"

"फार," काका म्हणाले, आणि त्यांनी तिला जवळ ओढलं.