वेइकोची रायफल

हरणांच्या हंगामाआधीचा कुठलाही शनिवार घ्या, डॉम बर्टुचीच्या बंदुकांच्या दुकानात हळहळण्याचा कार्यक्रम चालू असतो. काउंटरला कोपरं टेकून, कागदी पेल्यातली कॉफी ढोसत, धडधाकट माणसं आपण विकून टाकलेल्या बंदुकांच्या आठवणी काढतात. कुणी आजोबांची रायफल देऊन बोटीचं इंजिन घेतलेलं असतं, कुणी लग्नाच्या अंगठीपायी दुनळी घालवलेली असते. ते लग्न पुढे मोडलं त्याचं काही नाही, दुनळीचं मात्र अजून वाटतं. इर्मा निएमेलाही त्या काउंटरवर आली, मेलेल्या नवऱ्याची रायफल देऊन गेली आणि तिला त्याचं एका क्षणासाठीही वाईट वाटलं नाही. गावाला हे अजून पचलेलं नाही.

इर्मा शाळेची बस चालवायची. जानेवारीत बर्फानं रस्ता आणि शेत यांतला फरक कळेनासा होतो, तेव्हाही तिची पिवळी बस वेळेवर यायची. बोलणं मोजकं, आवाज खर्जातला, आणि एकदा नाही म्हणाली की संपलं. एका वर्षी बर्फ वितळताना ओढ्यावरचा पूल तिला धड वाटेना. रस्तेवाल्या साहेबांनी सांगितलं, पूल ठणठणीत आहे. इर्मानं सगळा वसंत ऋतू पोरांना लांबच्या वाटेनं नेलं, वरून बोलणी खाल्ली. पूल काही पडला नाही. "मग आता काय म्हणतेस?" असं कुणीतरी तिला खिजवून विचारलं, तर म्हणाली, "पुढच्या वर्षीही लांबूनच नेईन."

वेइको, तिचा नवरा, अगदी उलटा. मऊ माणूस. कुणी काही म्हटलं की हसून मान डोलवणारा. त्याचा थोरला भाऊ आर्नी मात्र गावभर गाजलेला शिकारी. देवदारांच्या दलदलीला लागून या भावांच्या बापानं बांधलेली लाकडी खोली होती. तिला सगळे कॅम्प म्हणत. नोव्हेंबरच्या मध्याला हंगाम उघडला की आर्नी, वेइको आणि शेजारचा केनी तिथे मुक्काम ठोकत. कॅम्पचा एक रिवाज होता, आणि तो आजही आहे. ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याची मागची पट्टी कात्रीनं कापायची, तिच्यावर नाव आणि साल लिहायचं आणि ती भिंतीवर ठोकायची. भिंत चिंध्यांनी भरली होती. रोज जेवताना त्यातली एखादी निवडून तिच्या मालकाची यथेच्छ टिंगल व्हायची.

एका वर्षी आर्नी पश्चिमेच्या डोंगरात मोठी सांबरं मारायला गेला आणि येताना लांब पल्ल्याची, जबर दारूची भली थोरली मॅग्नम रायफल घेऊन आला. वेइकोलाही त्यानं तशीच घ्यायला लावली. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, हात फिरवत बसावं असा. पण आमच्या दलदलीत हरीण दिसतं ते अंगणाच्या टोकाला पाहुणा दिसावा इतक्या जवळ. तिथे ही तोफ कशाला, हे त्या दोघांना कुणी विचारलं नाही. आमच्याकडे मोठी बंदूक घेणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. लहान घेणाऱ्याला मात्र सगळे विचारतात.

वेइको हृदयविकारानं गेला. शरद ऋतू आला तेव्हा आर्नी इर्माच्या दारात उभा राहिला. "त्याची खाट रिकामी ठेवणं मला जमणार नाही," तो म्हणाला. "तू ये. त्याची बंदूक घेऊन ये." इर्मा लहानपणी बापाबरोबर शिकार करून मोठी झाली होती. लग्नानंतर मात्र कॅम्प पुरुषांचा म्हणून ती कधी गेली नव्हती. या बोलावण्यानं ती मनातून फार सुखावली. नवरा गेल्यापासून घरात तिला झोप लागत नव्हती. कॅम्पवर, चुलीतल्या लाकडांच्या तडतडीत आणि दोन पुरुषांच्या घोरण्यात, ती पहिल्यांदा गाढ झोपली.

पण त्याच हंगामात तिनं एक हरीण वाईट तऱ्हेनं मारलं. नर समोर आडवा उभा होता, चुकूच नये असा. तिनं चाप ओढला, खांद्याला बंदुकीची लाथ बसली आणि डोळे उघडून बघते तो नर पोट ओढत देवदारांत शिरत होता. ती आणि आर्नी अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर फिरले. सकाळी सापडलं ते कोल्ह्यांनी खाऊन उरलेलं. आर्नी म्हणाला, "होतं असं." त्या वेळी तिच्या सदऱ्याला कुणी कात्री लावली नाही. कारण नेम चुकला नव्हता. चुकला असता तर बरं झालं असतं. इर्मानं त्या दिवशी स्वतःला बजावलं, की हे पुन्हा माझ्या हातून होणार नाही. मग त्यासाठी काय वाटेल ते करावं लागलं तरी चालेल.

पुढच्या उन्हाळ्यात ती मॅग्नम घेऊन डॉमकडे गेली. डॉम तिला दुकानामागच्या खडीच्या खाणीत घेऊन गेला, समोर पुठ्ठा लावला आणि काडतुसं स्वतःच्या हातानं भरली. पहिला बार मोठ्यानं झाला. दुसऱ्या वेळी तिनं चाप ओढला आणि नुसतं टक् असं वाजलं. बार झालाच नाही. तरीही नळीनं गचकन मान खाली घातली, इर्माचा खांदा पुढे गेला आणि डोळे गच्च मिटले.

"खोटं काडतूस होतं," डॉम म्हणाला. "आत दारू नाही, काही नाही. मग हिसका कुणी दिला?"

"मी," इर्मा म्हणाली. तिचं तोंड लाल झालं होतं.

"लाजू नकोस. लाथ बसणार हे शरीराला ठाऊक असतं, ते आधीच अंग चोरतं. या बंदुकीशी भल्याभल्यांचं असंच होतं." डॉम जरा घुटमळला. "वेइकोचंही झालं होतं. इथेच, तू उभी आहेस तिथे."

इर्मानं मॅग्नम खाली ठेवली.

"बदलून घ्यायला आला होता. हलकी पसंतही केली होती. तेवढ्यात आर्नी दुकानात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, काय रे, खारी मारायला घेतोस का? लोक हसले. वेइकोही हसला. मग मॅग्नम गाडीत टाकून निघून गेला. परत काही आला नाही."

आपला नवरा मनानं हळवा झाला म्हणून हरणांवर बार काढत नाही, असं इर्मा इतकी वर्षं समजत होती. तिला आधी वाईट वाटलं आणि मग भयंकर राग आला. राग आर्नीचा होता, वेइकोचा होता, आणि त्या देखण्या लाकडी दस्त्याचाही होता. "ती हलकी अजून आहे?" तिनं विचारलं.

ती नव्हती, पण तशीच दुसरी होती. जुनी, दस्त्यावर ओरखडे पडलेली, लहान गोळीची. तिनं खाणीत तिचे बार काढले. उघड्या डोळ्यांनी. पुठ्ठ्यावरची भोकं एका कॉफीच्या पेल्याखाली झाकली असती. "मॅग्नम ठेव, ही दे," ती म्हणाली. मॅग्नमची किंमत जास्त, म्हणून वर जे देणं निघत होतं त्यात डॉमनं काडतुसं दिली आणि एक लोकरीची टोपी.

"विचार कर हं," काउंटरवरचा एक जण कळवळून म्हणाला. "नवऱ्याची बंदूक आहे. जन्मभर चुटपुट लागेल."

"तुला लागू दे," इर्मा म्हणाली आणि बाहेर पडली.

संध्याकाळच्या आत आर्नी तिच्या अंगणात हजर. गाडीचं दार आपटूनच उतरला.

"डोकं फिरलं का तुझं? वेइकोची बंदूक दिलीस? आणि घेतलंस काय, तर पोरीबाळींचं खेळणं!"

"मी पोरीबाळींतलीच आहे, आर्नी."

"थट्टा पुरे. ती बंदूक कॅम्पची आहे. वेइकोच्या खाटेवर वेइकोची बंदूक येते. बंदूक नाही, तर खाटही नाही. समजलं?"

"समजलं."

"मग आण परत."

"नाही."

तो गेल्यावर मात्र ती पायरीवर बसली. कॅम्प गेला तर आपलं काय उरतं, हे तिला चांगलं कळत होतं: बस, घर, आणि झोप न येणारी खाट. रात्री जेवण गेलं नाही. पण डॉमकडे परत जावं असं एकदाही मनात आलं नाही, हे ती नंतर आवर्जून सांगायची.

हंगाम उघडण्याच्या आदल्या दुपारी तिनं पॅस्टी, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजल्या, वेलदोड्याचा पाव बांधून घेतला आणि ओरखड्यांची रायफल घेऊन न बोलावता कॅम्पवर गेली. हाकलायचं असेल तर तोंडावर हाकलू दे, अशा बेतानं. आर्नीनं हाकललं नाही. केनीनं पॅस्टीचा वास घेतला आणि चटकन तिच्यासाठी खुर्ची ओढली. जेवणं होईपर्यंत आर्नी थांबला. मग उठला, खाटेखालून लांबडी पेटी ओढली आणि तिच्यासमोर उघडली. आत मॅग्नम होती.

"डॉमकडून सोडवून आणली," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच अवघड होतं. "तुला पुढे वाईट वाटू नये म्हणून. घे. उद्या हीच ने. झालं गेलं विसरून जाऊ."

माणूस भांडायला आला तर इर्माला सोपं जायचं. हा प्रेमानं आला होता. केनी आपल्या ताटाकडे बघत होता. एक हो म्हटलं की खाट राहत होती, दीर राहत होता, सगळं राहत होतं.

"नाही, आर्नी," ती म्हणाली. "तू आणलीस ते चांगल्या मनानं आणलीस. पण मी ती हातात धरणार नाही. गेल्या वर्षीचा नर मी अजून विसरले नाही."

"वेइकोनं इतकी वर्षं तीच चालवली!"

"चालवली नाही. नुसती वाहिली." ती उठली आणि भिंतीपाशी गेली. "या चिंध्या बघ. केनीच्या आहेत, तुझ्या आहेत. वेइकोच्याही भरपूर आहेत, पण ही बंदूक घेतली त्या सालापर्यंतच्या. पुढे एकही नाही. तुम्ही म्हणायचात, वेइकोचं नशीब फिरलं, त्याला हरीणच दिसत नाही. जो बार काढत नाही त्याचा नेम कसा चुकेल?"

आर्नी भिंतीशी आला. एकेका चिंधीवरचं साल वाचत गेला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पेटी बंद करून खाटेखाली सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. खाटेचा विषय त्यानं काढला नाही. इर्मा वेइकोच्या खाटेवर झोपली, म्हणजे पडून राहिली.

पहाटे ती दलदलीच्या कडेला, पडलेल्या देवदाराला टेकून बसली होती. उजाडता उजाडता एक नर झुडपांतून बाहेर आला, नाक वर करून थांबला. तिला भीती वाटली, पण बंदुकीच्या लाथेची नाही, फक्त तो निघून जाईल याची. तिनं डोळे उघडे ठेवून चाप ओढला. नर दोन ढांगा गेला आणि पडला. ती पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं. तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तिला हुंदका फुटला. इतकं हलकं तिला वेइको गेल्यापासून वाटलं नव्हतं.

एकच बार ऐकू आला की शिकार पडली असं आमच्याकडे धरून चालतात आणि जो जवळ असेल तो दोर घेऊन निघतो. आर्नी आला. त्यानं नराभोवती फिरून गोळी कुठे लागली ते पाहिलं आणि पसंतीची मान डोलवली. दोघांनी शिंगांना दोर बांधला. ओढायला सुरुवात करायच्या आधी तो थांबला.

"त्याला दिसायची?"

"काय?"

"हरणं. वेइकोला. कॅम्पवर आला की म्हणायचा, आजही काही नाही."

"दरवर्षी दिसायची," इर्मा म्हणाली. "घरी आला की सौनात, घामाच्या त्या वाफेच्या खोलीत, बसून मला एकेकाचं वर्णन करायचा. एक दांडगा नर तर इतका जवळ आला होता, की त्याच्या नाकातली वाफ दिसत होती म्हणाला. सांगताना असा खूश असायचा!"

"मग मला का नाही सांगितलं? सख्खा भाऊ मी."

"तू हसला असतास."

आर्नीनं तोंड उघडलं. आता हा नाही म्हणणार, भांडणार, असं इर्माला वाटलं.

"हो," तो म्हणाला. "हसलो असतो."

आणि तो बर्फात, नराच्या शेजारी, खाली बसला. इर्मानं घाई केली नाही. दोराचं आपलं टोक हातात धरून ती त्याच्याजवळ उभी राहिली.