सातव्या हिरवळीच्या काठची टिटवी

ही पायाला भिंगरी बांधूनच जन्मली, असं ताईची आई म्हणायची. म्हणूनच गोल्फ क्लबात गवत कापायचं काम तिला मानवलं होतं. बावीस वर्षं यंत्रावर बसून ती फिरतच होती. त्या सोमवारी मात्र तिनं यंत्र एकदम थांबवलं. सातव्या हिरवळीच्या काठाला, पात्यापासून हातभर अंतरावर, टिटवी पंख फुगवून उभी होती. मागे उघड्या जमिनीवर चार अंडी. आणि मोठे सामने बारा दिवसांवर.

सेक्रेटरीसाहेब काय म्हणतील हे तिला पाठ होतं. गेल्या वर्षी त्यांच्या सांगण्यावरून तिनं अशीच अंडी बादलीत घालून तळ्याकाठी ठेवली होती. टिटवी तिकडे फिरकलीच नाही. दोन दिवस रिकाम्या जागेवर ओरडत राहिली. अंडी वाया गेली. हे ताईनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

या खेपेला तिनं कुणाला विचारलंच नाही. चार खुंट्या ठोकल्या, पांढरा दोर बांधला, पाटी लावली: दुरुस्ती चालू. साहेबांनी विचारलं तेव्हा गवताची मुळं कुजलीत म्हणून ठोकून दिलं. पण तेव्हापासून जिवाला चैन पडेना. जेवता जेवता उठायची, दाराशी जायची, परत यायची. कावळा, कुत्री, साहेब, धास्ती नक्की कुणाची, तिलाच कळेना. नवरा शिंपी. मशीन थांबवून म्हणाला, "बस तरी जरा. तुझ्याकडे बघून माझी शिवण वाकडी जातेय."

सामन्यांच्या दुसऱ्या दिवशी एकाचा चेंडू नेमका दोराच्या आत पडला. दुरुस्तीच्या जागेतला चेंडू बाहेर घेता येतो, तसा नियमच आहे. तो उचलायला वाकला आणि टिटवी त्याच्या टोपीवर झेपावली. माणसं हसली. साहेब हसले नाहीत. ताईनं सगळं कबूल केलं, गेल्या वर्षी अंडी वाया गेल्याचंही.

"पक्ष्याचं सांगितलं असतंत तर मीच दोर बांधायला लावला असता," साहेब म्हणाले. "खोटं कशाला बोललात?"

खरंच लावला असता? तिला ठरवता येईना, आणि तेच सलत राहिलं. बादली आणायला सांगणारे हेच. पण तेव्हा तीही चकार शब्द न काढता गेली होती.

महिनाभर यंत्र दुसऱ्याकडे गेलं आणि ताईच्या हाती कुंपण छाटायची कात्री आली. दोर मात्र साहेबांनी कुणाला काढू दिला नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी चारपैकी तीन अंड्यांतून पिल्लं बाहेर पडली. अंग वाळतं न वाळतं तोच आईमागून तळ्याकडे निघाली. मध्ये सगळं मोकळं मैदान, वरून चेंडू. ताई कुंपणापाशी उभी राहून मोजत होती: तीन. दोन. कुठं गेलं? पुन्हा तीन.

पोचली तिन्ही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, कुंपणाच्या कडेकडेनं आपणही तळ्यापर्यंत चालत आलोय, आणि कात्री वाटेत कुठं टाकली ते काही केल्या आठवेना.