वरातीच्या मोटारीचं झाकण

ती घटना आजही आठवली की हातातला चहा गार होतो.

मी तेव्हा भाईंदरला नवी फौजदार. वर्दीची इस्त्री अकलेपेक्षा कडक. जवळच्या मुर्धा गावातल्या एका कोळ्याकडे जुन्या काळची मोटार होती, ती तो वरातींना भाड्याने द्यायचा. एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. धाकटा भाऊ त्याला त्याच मोटारीतून दवाखान्यात घेऊन निघाला. गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली आणि थोरला वाटेतच गेला. "थोडं आधी आणलं असतं तर," एवढंच डॉक्टर म्हणाले.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन : "धाकट्यानं मुद्दाम गाडी बंद पाडली. जमिनीवरून वाद हाय त्यांचा."

झालं! बाईसाहेबांना खुनी सापडला. धाकट्याला ठाण्यात बोलावून मी टेबलावर काठी आपटली. "पेट्रोलमध्ये काय मिसळलंस?"

"काय न्हाय मॅडम. टाकी फुल हाय. बंद पडली का मी टाकीचं झाकन उघडून बगायचो, मंग चालू व्हायची. जरा पुढं गेली का परत बंद."

"झाकण उघडलं की चालू? मला शेंडी लावतोस?"

त्याचं खोटं उघडं पाडायला मी पंचांसमोर स्वतः गाडी हाकली. थोड्या अंतरावर ती माझ्या हातीही बंद. झाकण फिरवलं, तर टाकीनं सुस्सकन हवा आत ओढली. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलेलं होतं. अंबाड्यातली पिन काढून कोरलं, तर गुलाबी साबण निघाला.

धाकट्याला बाजूला नेऊन दाखवला. त्यानं तो बोटांत चुरून हुंगला.

"वयनीनं लावला आसंल. मागच्या नवरीची तक्रार व्हती, शालूला पेट्रोलचा वास येतो म्हनून. उद्या परत वरातीचं भाडं व्हतं."

मी जबाब लिहायला पेन उचललं.

"मॅडम, मी सुटलो ना? मंग वयनीला सांगू नका. ती जगायची न्हाय."

"अरे, गाव तुला भावाचा खुनी म्हणेल!"

"म्हनू दे. मला समिंदर हाय. तिला त्याच घरात बसायचं हाय."

पंचनाम्यात लिहिलं : झाकणाचे छिद्र बुजलेले, घातपात नाही. गावाला तेवढंच सांगितलं. कोणी मानलं नाही. वहिनीनंही नाही. तो तिच्या ओट्यावर मासळी ठेवून जायचा, ती मांजरांना घालायची.

गुन्हा लपवणारे पुढे ढिगानं भेटले; त्यांना ओळखायला मी शिकले. निर्दोषपण लपवणारा तो एकटाच. त्याच्यासाठी माझ्याकडे एकही कलम नव्हतं.