डावीकडचा भांग

गल्लीत तिला सगळे जादूताई म्हणत. कुणाचे केस आजारपणात विरळ झालेले असत, कुणाच्या कपाळावर भाजल्याची खूण असे, कुणाच्या कानामागे टाक्यांचा व्रण. जादूताई खुर्ची हळूच फिरवी, जरा वेळ मान तिरकी करून बघत राही, मग भांग इकडचा तिकडे नेई, दोन बटा खाली सोडी. आरशातली बाई चेहरा डावीकडे-उजवीकडे वळवून म्हणे, "अगंबाई, कळतच नाही हो!"

या वाक्यावर जादूताई जगत होती. गिऱ्हाईक गेल्यावर केर काढतानासुद्धा ती ते मनात घोळवी.

पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, आणि कोपऱ्यात स्टँडवर बसवलेलं सरावाचं प्लास्टिकचं डोकं, लांब काळ्या केसांचं. गिऱ्हाइकं त्याला 'तुमची सवत' म्हणत. मधे पडदा, आणि पडद्याआड स्वयंपाकघर. तिथे तिचा नवरा बसे. बसच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला पेपर मोठ्याने वाचायची सवय लागली होती.

"तुमचा रेडिओ बंद होत नाही का हो कधी?" बायका विचारत.

"लग्नात मिळालाय. बटणच नाही त्याला," जादूताई म्हणे.

बँकेतल्या बाई तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बोलणं मऊ, साडीला इस्त्री कडक. जादूताईच्या नवऱ्याला छातीत कळ येऊन दवाखान्यात नेलं, तेव्हा त्याच बाई काम सोडून तिच्याशेजारी बाकावर बसून राहिल्या होत्या. स्वतःच्या हाताने तिला चहा पाजला होता. जादूताई ते विसरली नव्हती, आणि विसरू नये असंच तिला वाटे.

बाई पहिल्यांदा आपल्या मुलीला घेऊन आल्या तेव्हा उन्हाळा नुकता संपत आला होता. दुसरीतली मुलगी. इतकी गुपचूप आत आली की कुणीतरी म्हणालं, "ही तर मुंगी!" आणि तेच नाव पडलं.

"हिला केस उपटायची खोड लागलीय," बाई म्हणाल्या. "किती सांगा, ऐकतच नाही. शाळेत मुली हसतील. तुम्हीच करा काहीतरी."

जादूताईने केस वर उचलले. उजव्या बाजूला, मागे, मोठ्या नाण्याएवढी जागा मोकळी होती. कडेला खपली. स्वतःचे केस ओढणारी पोरं तिने पाहिली होती. त्यांचे केस तुटतात, आखूड, वेडेवाकडे खुंट राहतात. इथे खुंट नव्हते. मूठभर केस मुळापासून गेले होते, एका हिसक्यात. आणि एवढा हिसका द्यायला मुंगीच्या हातात बळ तरी होतं का?

तिने आरशात पाहिलं. बाई मासिक चाळत होत्या. मुंगी आरशात बघतच नव्हती. ती एप्रनच्या गाठीकडे बघत होती.

जादूताईने भांग डावीकडे पाडला. डावीकडचे केस वरून उजवीकडे आणले, मागे थोडे आखूड केले म्हणजे फुगतील, आणि एक क्लिप अशी लावली की वारा आला तरी हलू नये. हात कामाला लागले की तिचं डोकं शांत होई. त्या दिवशीही झालं.

"कळतच नाही हो!" बाई म्हणाल्या.

मुंगीने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "कुणालाच नाही दिसणार?"

"कुणालाच नाही," जादूताई खुशीत म्हणाली.

रात्री जेवताना ती नवऱ्याजवळ थोडंसं बोलली. तो म्हणाला, "आपल्याला काय करायचंय? त्यांच्या घरातलं त्या बघतील. आपल्या वेळेला धावून आल्या होत्या, लक्षात आहे ना?" तेच तिला ऐकायचं होतं. म्हणून तर तिने त्याला सांगितलं होतं.

पुढे पावसात नवा कायदा आला. मुलांना मारणाऱ्याला, उपाशी ठेवणाऱ्याला, त्यांची हेळसांड करणाऱ्याला आधीपेक्षा कडक शिक्षा. आई-बाप असले तरी सुटका नाही. आणि माहीत असून झाकणारा, मग तो शिक्षक असो, शेजारी असो, कुणीही असो, तोही गुन्हेगार. पडद्याआडून नवऱ्याने बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"उशीरच झाला म्हणायचं," खुर्चीतल्या निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या. केसांना रंग लावून बसल्यामुळे त्यांना मान हलवता येत नव्हती, तरी त्या हलवत होत्या. "असल्यांना भर चौकात उभं केलं पाहिजे."

"मान, मास्तरीणबाई! कानाला रंग लागेल," जादूताई म्हणाली.

"लागू दे. चीड येते मला."

मागच्या बाकावर बँकेतल्या बाई मुंगीला घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या हातात असतं तर जन्मठेपच दिली असती. पोटच्या पोरावर हात उचलवतो तरी कसा?"

आवाज अगदी खरा होता. दुखावलेला. जादूताईला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या घरात जे होत होतं त्याला त्या मारणं म्हणतच नव्हत्या. त्याला त्या शिस्त म्हणत असतील, किंवा दिवसभराची दमणूक. "हो ना," असं म्हणून जादूताईने मुंगीला खुर्चीत बसवलं. जुन्या जागी कोवळे केस उगवत होते. त्या जागेच्या खाली नवी मोकळी जागा होती.

तिने भांग डावीकडे पाडला.

मास्तरीणबाईंनी आरशातून पाहिलं असावं. एक क्षण त्यांची नजर त्या डोक्यावर थांबली. मग त्या शेजारच्या दुकानातल्या दुधाबद्दल बोलू लागल्या. जादूताईने तत्परतेने विचारलं, "पातळ असतं ना हल्ली?" एवढ्या तत्परतेने की तिची तिलाच किळस आली.

तिसऱ्या वेळी जखम अजून ओली होती. बाईंचा फोन वाजला आणि त्या बोलत दाराबाहेर गेल्या. आत दोघीच होत्या. मुंगी अगदी हळू म्हणाली, "ताई, आज जादू नको ना."

जादूताईच्या हातातला कंगवा थांबला. काय विचारावं हे तिला ठाऊक होतं. एकच प्रश्न होता, आणि तो विचारला की उत्तर घ्यावं लागलं असतं. बाहेर बाई कुणाला तरी हसून सांगत होत्या, "नाही हो, उपकार कसले!"

"असं नाही म्हणायचं," जादूताई म्हणाली. "छान दिसतं तुला."

मुंगीने आरशातून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. दुकान बंद असल्याचं कळल्यावर माणूस पाटीकडे बघतं ना, तसं. मग ती पुन्हा एप्रनच्या गाठीकडे बघू लागली. बाई आत आल्या. भांग डावीकडे पडला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या नळावर मुंगीने केस ओले केले, बोटांनी भांग उजवीकडे पाडला आणि ती तशीच वर्गात जाऊन पहिल्या बाकावर, वर्गबाईंच्या अगदी पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून बसली. हे जादूताईला पोलिसातल्या बाईंनी सांगितलं.

त्या साध्या कपड्यांत आल्या होत्या, म्हणून जादूताई सवयीने म्हणाली, "बसा, कटिंग का?" त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी ओळख सांगितली.

"मुलगी सध्या मावशीकडे आहे. आई म्हणते, मुलीलाच खोड आहे, तीही आत्ताच लागलेली. डॉक्टरांना ताजी जखम दिसते, जुन्या जागी केस आलेत. तेवढ्यावर मुलगी घरी परत जाऊ शकते. मुलगी म्हणते, जादूताईला विचारा, तिने सगळं पाहिलंय."

पडदा सरकला. नवरा बाहेर आला. "हिने काही पाहिलेलं नाही. हिला चष्म्याशिवाय सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

"काका, त्यांना बोलू द्या. आणि ताई, आधीच सांगते, सांगणं माझं काम आहे. आधी पाहिलं होतं असं म्हणालात तर नव्या कायद्याप्रमाणे तुमच्यावरही येऊ शकतं. विचार करून बोला. वकिलाला विचारायचं असेल तर विचारा."

"ऐकलंस?" नवरा म्हणाला. "अगं, ऐकलंस का?"

ऐकलं होतं. एक शब्द पुरला असता. 'नाही' म्हटलं की पार्लर राहणार होतं, गल्ली राहणार होती, दवाखान्यातल्या बाकाचं ओझं उतरणार होतं. आणि मुंगी घरी जाणार होती. तिथे केस पुन्हा उगवले असते.

"पाहिलं होतं," जादूताई म्हणाली. "उन्हाळ्याच्या शेवटी पहिल्यांदा. मग पावसात. आणि शाळेत दिसलं त्याच्या आदल्या दिवशी. प्रत्येक वेळी मीच झाकलं. शेवटच्या वेळी ती नको म्हणाली होती."

नवरा स्टुलावर बसला. त्या बाईंनी लिहून घेतलं. वर न बघता त्यांनी विचारलं, "पण वर्गात इतके दिवस कुणालाच कसं दिसलं नाही? कोर्टात हेच विचारतील. कसं झाकत होता, दाखवाल?"

जादूताईने कोपऱ्यातलं सरावाचं डोकं उचलून आरशासमोर ठेवलं. उजवीकडे मागे, जिथे जागा होती तिथे, पांढऱ्या खडूने ठळक गोल काढला. मग कंगवा घेतला. हात थरथरतील असं तिला वाटलं होतं, निदान थरथरावेत अशी इच्छा होती. ते थरथरले नाहीत. भांग डावीकडे, केस वरून उजवीकडे, क्लिप. नेहमीसारखं सफाईदार काम.

पोलिसातल्या बाई उठून जवळ आल्या. त्यांनी एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, वाकून पाहिलं.

"खरंच," त्या म्हणाल्या, "कळतच नाही हो."

जादूताईने मान खाली घातली. मग क्लिप काढली, केस मुठीत धरून वर उचलले आणि दुसऱ्या हाताचं बोट खडूच्या गोलावर ठेवलं.

"फोटो घ्या," ती म्हणाली. "मी धरते."